बुडत्या निधीची बातमी

मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होते. उपसंपादक म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ‘संपादकाच्या हाताखाली असते,’ एवढंच त्या शेजारणींना सांगायच्या आणि त्यात काही खोटं नव्हतं. बातमीदार बाहेर फिरतो, त्याचं नाव छापून येतं, लोक त्याला चहा पाजतात. उपसंपादक टेबलाशी बसून असतो. मुंबई-दिल्लीहून वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर येतो, तो मराठीत करायचा, जागेत बसेल एवढा कापायचा आणि डोक्यावर मथळा चढवायचा. काम चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं, तर कोणी बिघडवलं हे सकाळी सहा वाजता सगळ्यांना ठाऊक असतं.

माझं एम. ए. मराठीत झालेलं. अर्थशास्त्राशी संबंध महिन्याच्या वाणसामानापुरता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे अर्थविषयक बातम्या करणारे गृहस्थ मुंबईला गेले, तेव्हा वृत्तसंपादक दातार साहेबांनी कचेरीभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

“तुमचे यजमान बँकेत आहेत ना?”

“नाही साहेब, वीज मंडळात.”

“मग झालं. शेवटी आकड्यांचंच काम.”

अशी माझी नेमणूक झाली. तोवर आमच्या पेपरात अर्थव्यवस्था म्हणजे कांद्याचे भाव, सोन्या-चांदीचे भाव आणि वर्षातून एकदा अर्थसंकल्प. पण त्या वर्षांत देशाची दारं उघडली, असं सगळे म्हणत होते. बाहेरून काय आत आलं ते मला सांगता येणार नाही, पण इंग्रजी शब्द मात्र टोळधाडीसारखे आले. रोज नवीन शब्द. बरं, शब्द ओळखीचेच दिसायचे आणि अर्थ भलताच निघायचा. बाँड म्हणजे मला नोकरीला लागताना लिहून देतात तो कागद माहीत होता. इंटरेस्ट म्हणजे आवड. सिक्युरिटी म्हणजे गेटवरचा शिट्टीवाला.

माझा पहिला अर्थसंकल्प मला चांगला आठवतो. तेव्हा तो संध्याकाळी पाचला मांडत. कचेरीतल्या टीव्हीभोवती सगळे कोंडाळं करून उभे, आणि मी कागद-पेन घेऊन पुढे. ‘फिस्कल डेफिसिट’, म्हणजे सरकारच्या तिजोरीतली तूट, हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि मला तो ‘फिजिकल’ ऐकू आला. मी मथळा दिला, ‘शारीरिक तूट कमी करण्याचा निर्धार.’

दातार साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “अर्थमंत्र्यांची तब्येत बरी नाही का?”

तो मथळा टेबलावरच मेला. पण त्या दिवशी मी ठरवलं, शब्द शिकायचे. दोनशे पानी वही आणली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. सात-आठ वर्षांत वही निम्मी भरली आणि मला वाटायला लागलं, आता आपल्याला येतं. या धंद्यातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. काहीच येत नसतं तेव्हा माणूस विचारतो. निम्मं यायला लागलं की विचारणं बंद.

पुढची गोष्ट त्याच काळात घडली, साधारण दोन हजार सालच्या आसपास. दुपारची वेळ होती, पान पाच भरायचं होतं. मुंबईहून आठ ओळींची बातमी आली. राज्य सरकार आपल्या ‘सिंकिंग फंडा’त यापुढे जास्त रक्कम टाकणार. हा शब्द वहीत नव्हता. कचेरीतला शब्दकोश उघडला. ‘सिंक’ म्हणजे बुडणे, खचणे आणि भांडी घासायची मोरी. मोरीचा निधी असा काही प्रकार असेल असं वाटलं नाही. खचणं जरा जास्त वाटलं. मी मथळा दिला:

‘राज्याच्या बुडत्या निधीत सरकार आणखी पैसे टाकणार!’

उद्गारचिन्हही माझंच. दातार साहेबांनी मथळा वाचला, मान हलवली आणि म्हणाले, “टाकणारच. दुसरं काय करणार!”

बातमी पुढे गेली. त्या मथळ्याबद्दल कोणालाच शंका आली नाही, याचं कारण मला नंतर उमगलं. सरकारबद्दल आम्हा सगळ्यांचं जे मत होतं, त्याच्याशी तो तंतोतंत जुळत होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कचेरीतला फोन वाजला. बाई एसटीडी बूथमधून बोलत होत्या, मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

“ती बुडत्या निधीची बातमी कोनी लिव्हली?”

मी म्हटलं, “मी लिहिली. आपण कोण?”

“मी सिंधू जाधव, चांदवडहून. पोस्टाची एजंट हाय. ताई, हितं पोस्टाफुडं रांग लागलीय, हायवेपोतर. लोक म्हनतात पैसे बुडाले, आमचे काढून द्या. तुम्ही काय लिव्हलंय ते तुम्हाला तरी ठावं हाय का?”

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. मी म्हटलं, “जरा थांबा.”

जाधवबाईंनी जे सांगितलं ते असं. त्या घरोघर जाऊन पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दरमहा थोडे थोडे टाकून मुदतीला एकदम मिळतात त्या ठेवीचे, हप्ते गोळा करायच्या. बाजारपेठेपासून मळ्यांपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं. त्या सकाळी बसस्टँडजवळच्या चहाच्या दुकानात गांगुर्डे गुरुजींनी रोजच्यासारखा पेपर मोठ्याने वाचला. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात त्यांच्या शब्दाला वजन. बातमी वाचून ते थांबले आणि म्हणाले, पोस्टात आपण जे पैसे ठेवतो, ते पुढे राज्य सरकारला कर्जाऊ जातात. गुरुजींचं हे म्हणणं अगदी बरोबर होतं. मग सरकारचा जो निधी बुडतोय, तो कोणाच्या पैशांचा? सगळे उठले आणि पोस्टात गेले.

पोस्टमास्तरांनी रांग बघितली आणि सांगून टाकलं, की एवढी रोकड इथे नसते, हेड पोस्टातून मागवावी लागेल. बिचारे खरं तेच बोलले. पण रांगेतून आवाज उठला, “बघा! पैसे नाहीतच!”

मी फोन ठेवला आणि कॉलेज रोडला राहणाऱ्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांना फोन लावला. ते अधूनमधून आमच्याकडे लेख द्यायचे. मी सिंकिंग फंड म्हणजे काय असं विचारताच ते म्हणाले, “अच्छा, ते तुम्ही होता काय!” त्यांनी सकाळीच बातमी वाचली होती आणि त्यांचं दोनदा हसून झालं होतं. मग म्हणाले, “अहो, निधी बुडत नाही. कर्ज बुडवायला तो निधी असतो. टु सिंक द डेट. साधं आहे.”

मी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. दातार साहेबांसमोर जाऊन सगळं सांगितलं. ते फार रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घड्याळात बघितलं. “चांदवडमार्गे मालेगावची गाडी कितीला आहे?”

“मी जाऊ?”

“बुडवलंत तुम्ही. काढा तुम्हीच वर. आणि हो, मालकांचा फोन येऊन गेलाय. परत येऊन आधी मला भेटा.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मी एसटीत बसून लावत होते. त्या वर्षी आमच्याकडे दोघांना घरी पाठवलं होतं, तेही यापेक्षा लहान चुकांसाठी. मुलीचं अकरावीचं वर्ष. पिंपळगाव गेलं तरी मी एकच वाक्य पाठ करत होते. निधी बुडत नाही, कर्ज बुडवायला निधी असतो.

चांदवडला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. पोस्टापुढची रांग हायवेपर्यंत वगैरे नव्हती, पण साठ-सत्तर माणसं नक्की होती. कोणी टोपीने वारा घेतंय, कोणी पासबुक पिशवीत घालून पिशवी पोटाशी धरलीय. पोस्टाच्या ओट्यावर ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या एक बाई उभ्या होत्या, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्याच जाधवबाई. मला बघून त्यांनी हाक दिली, “आल्या! पेपरवाल्या ताई आल्या! आता त्या सांगतील.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. ओट्यावर चढले, घसा साफ केला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं.

“घाबरू नका! निधी बुडत नाहीये! तो निधी सरकारने कर्ज बुडवण्यासाठी काढलाय!”

मला वाटलं, पटलं लोकांना. मग पुढच्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने सावकाश विचारलं, “म्हंजी सरकार आपलं कर्ज बुडवनार, आन त्याच्यासाठी येगळा फंड बी काढलाय?”

इंग्रजांचं कर्ज बुडालं म्हणजे फिटलं. मराठी माणसाचं कर्ज बुडालं म्हणजे ते बुडालंच! हा फरक मराठीत एम. ए. झालेल्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी आला, त्याच्या आधी एक सेकंदही नाही.

“आम्ही बुडवलं तर घरावर नोटीस येती,” मागून कोणीतरी ओरडलं, “अन् सरकारनं बुडवायचं तर निधी!” रांग मोडली. लोक दाराकडे सरकले. पोस्टमास्तरांनी खिडकीची फळी लावून घेतली, त्याने आणखी गोंधळ वाढला. मी “तसं नाही, तसं नाही” म्हणत होते.

जाधवबाईंनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं.

“गप बसा रे समदे! हिरामण नाना, तुम्ही फुडं या.” पागोटेवाला म्हातारा पुढे झाला. “तुम्ही माझ्याकडं आरडी काढली का नाय?”

“काढली.”

“कशापायी?”

“काशीला जायचंय. मी अन् म्हातारी.”

“जायचं कवा?”

“मुदत भरल्यावर. अजून तीन वर्सं.”

“मंग आत्तापासून म्हैन्याला का टाकता? जायच्या टायमाला द्यायचे ना एकदम.”

“आन एकदम कुठून आनू बाई?”

“हां!” जाधवबाईंनी रांगेकडे हात केला. “सरकारच्या डोक्यावर कर्ज हाय. ते एकदम फेडायला पैका कुठून आननार? म्हून दर साली थोडं थोडं बाजूला टाकतंय. फेडायला! बुडवायला नाय, फेडायला! ताईंना शहरातली मराठी येती, आपली येत नाय. सरकारनं आरडी काढलीय, एवढीच बातमी हाय.”

लोक विचार करत उभे राहिले. आतापर्यंत त्या बाईंनी त्यांचा एक हप्ता कधी चुकवला नव्हता की खाल्ला नव्हता, तेही त्या विचारात असणार. मग हिरामण नानांनी विचारलं, “सरकारची एजंट कोन हाय?”

“का?”

“न्हाई, एवढ्या मोठ्या आरडीवर तिला कमिशन किती बसत आसंल?”

पहिलं हसू मागून आलं, मग सगळी रांग हसली. हसलेला माणूस परत भीत नाही, निदान त्या दिवशी तरी. अर्ध्या तासात पोस्टापुढे आठ-दहा जण उरले आणि त्यांतले निम्मे तिकिटं घ्यायला आलेले होते. जाधवबाईंनी मला उसाचा रस पाजला. म्हणाल्या, “ताई, पुन्यांदा असलं काय लिव्हायचं आसलं, तर आदी मला ईचारा.”

त्यांनी ते बोलायचं म्हणून म्हटलं असेल. मी मात्र ते धरून बसले. परत आल्यावर दातार साहेबांनी मालकांपुढे मला नेलं, आणि मालक काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं की यापुढे अर्थाची प्रत्येक बातमी मी छापायच्या आधी चांदवडला वाचून दाखवीन. मालकांना एसटीडीचा खर्च आठवला असावा. पण त्यांनी नोकरी ठेवली आणि आठवड्याला दोन फोन मंजूर केले.

मग सुरू झाली माझी खरी शाळा. बुधवारी प्राध्यापकांकडे जाऊन इंग्रजी शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा, आणि गुरुवारी आणि शनिवारी दुपारी जाधवबाईंना त्या एसटीडी बूथवर फोन लावून मराठी ऐकवायची. मी वाचलं, “सरकारचे बाँड परिपक्व झाले.” तिकडून प्रश्न आला, “ते काय सीताफळ हाय? मुदत भरली म्हना.” मी वाचलं, “सरकार सुरक्षा विकणार.” बाई म्हणाल्या, “पोलीस विकनार?” तिथे ‘रोखे’ लिहिलं. एकदा ‘रोल ओव्हर’वर गाडी अडली. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढायचं, त्याचं मी तीन ओळींचं वाक्य केलं होतं. जाधवबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी नवंजुनं की! पीककर्जाला सोसायटीत दर मार्चला चालतं ते.” प्राध्यापकांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. म्हणाले, तीस वर्षं शिकवतोय, मला हा शब्द सुचला नाही.

बाईंनाही इंग्रजीची गोडी लागली. पुढे कळलं, हप्ता थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या दारात उभं राहून सांगायच्या, “नानी, तुमचं फिस्कल डेफिसिट लय वाढलंय.” नानी घाबरून हप्ता द्यायच्या. या उपयोगाबद्दल माझ्या वहीत काही नोंद नव्हती.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्यात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. रांगेत सगळ्यात पहिले गांगुर्डे गुरुजी होते. पोस्टात सकाळी जेवढी रोकड होती त्यात त्यांचं काम झालं. मुदत ठेव मोडून, व्याजावर पाणी सोडून ते मी पोचण्याच्या कितीतरी आधी घरी गेले होते. हे जाधवबाईंनी मला आठवडाभराने फोनवर सांगितलं. त्या रविवारी मी माझ्या अंदाजाने व्याजाची रक्कम पाकिटात घातली आणि चांदवडला गेले.

गुरुजी अंगणात बसले होते, पांढरा सदरा, मांडीवर आमचाच पेपर. मी कोण ते सांगितलं, माफी मागितली आणि पाकीट पुढे केलं. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही.

“बसा,” ते म्हणाले. “मला एक सांगा. पेपरात एखादा शब्द छापून येतो, तो किती जणांनी तपासलेला असतो? मी आपलं धरून चाललो होतो, तीन. लिहिणारा, वाचणारा आणि छापणारा.”

माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना उत्तर मिळालं असावं.

“चूक कोणाचीही होते, बाई. मी चाळीस वर्षं मुलांच्या चुका तपासल्यात. पण दुरुस्ती कशी करतात?” त्यांनी घरातून दोन अंक आणले. एकात माझी बातमी, पान पाच, दोन कॉलम, वर उद्गारचिन्ह. दुसऱ्यात त्याच आठवड्यात आम्ही दिलेला खुलासा, पान सात, निविदांच्या जाहिरातींखाली, बोटभर. “मला हा सापडायला तीन दिवस लागले. चूक पाटीवर मोठ्या अक्षरात आणि दुरुस्ती पाटीच्या मागे? असं मी कोणा मुलाला करू दिलं नाही. पैसे राहू द्या. जिथे चुकलात, तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात लिहा.”

त्यांच्या पत्नीने पोहे दिले. ते खाऊन मी पाकीट घेऊन परत निघाले.

दुसऱ्या दिवशी मी दातार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “प्रत्येक चुकीला तेवढीच जागा द्यायची म्हटली, तर बातम्या कुठे छापायच्या?” आम्ही चार दिवस भांडलो. पूर्वी त्यांच्यासमोर मी खुर्चीतही नीट बसत नसे. पाचव्या दिवशी मी राजीनामा लिहिला आणि तो त्यांच्या टेबलावर, पान पाचच्या आराखड्यावर ठेवला. त्यांनी तो वाचला. “मराठी चांगली आहे,” म्हणाले. मग राजीनामा बाजूला करून त्यांनी आराखड्यावर दोन कॉलमांची चौकट आखली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी ती चौकट स्वतः लिहिली, स्वतः तीनदा वाचली. निधी म्हणजे काय, कर्ज कसं फिटतं, आमची चूक काय झाली आणि कोणाचं नुकसान झालं, सगळं सांगितलं. मथळा मोठ्या टाइपात दिला: ‘एक दुरूस्ती.’ छापून आलं त्या संध्याकाळी दातार साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि तो त्यांच्याच पैशांनी.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं, वळणदार आणि ठसठशीत. सगळं मिळून तीनच ओळी होत्या.

‘दुरुस्ती वाचली. दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. दुरुस्तीमधला रु ऱ्हस्व.’